गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली: आता अपील कशावर आणि कसं करायचं

तारखांना कंटाळून "साहेब, कबूल आहे" म्हणायचं, दंड भरायचा आणि दुपारच्या एसटीने गावी परतायचं, हे सातारा-सांगलीच्या कोर्टांत रोज घडतं. हाणामारी, अपघात, मटका, दारू पिऊन गाडी चालवणं अशा बऱ्याच केसेस याच वाटेने निकाली निघतात. "कोर्ट उठेपर्यंत शिक्षा" झाली म्हणजे सुटलो, असंच घरचेही समजतात. कायद्याच्या हिशेबात मात्र ती कैदेचीच शिक्षा असते आणि दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, नावावर कायम राहते. पुढे पोलीस भरती, सैन्य भरती किंवा पासपोर्टच्या वेळी ती पुढ्यात येते आणि मग अपिलासाठी धावाधाव सुरू होते. तोवर मुदत संपून गेलेली असते. म्हणून शिक्षा झाल्यावर पहिल्या महिन्यात काय करायचं, ते इथे सविस्तर सांगतो.

आधी कायद्याची चौकट

गुन्हा कबूल करून शिक्षा झालेल्या माणसाला "मी गुन्हा केलाच नाही" या मुद्द्यावर एरवीसारखं अपील मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७५) ते दार बंद करतं. दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाने कबुलीवर शिक्षा दिली असेल, तर फक्त शिक्षा किती आणि शिक्षा कायदेशीर आहे का, या दोनच गोष्टींवर अपील चालतं. ती शिक्षा उच्च न्यायालयानेच दिली असेल तर तेवढंही नाही.

हे ऐकून बरेच जण निराश होऊन परत जातात. वास्तविक "शिक्षा किती" या दोन शब्दांत पुष्कळ काही मावतं. कैद कमी करणं, कैदेऐवजी दंड, दंडात कपात आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे प्रोबेशन (शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडणं), हे सगळं त्यातच येतं.

नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. गुन्हा त्याआधीचा असेल तर शिक्षेचं कलम भारतीय दंड संहितेचंच राहतं. अपील मेमोत (अपिलाच्या लेखी अर्जात) प्रक्रियेची कलमं जुनी आणि नवी दोन्ही लिहावीत. त्यावरून हरकत निघून तारीख वाया जाऊ देऊ नये.

काही शिक्षा इतक्या किरकोळ धरल्या आहेत की त्यांना अपीलच नाही (कलम ४१७, जुनं ३७६). प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याने फक्त १०० रुपयांपर्यंत दंड केला असेल, समरी म्हणजे संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या केसमध्ये फक्त २०० रुपयांपर्यंत दंड असेल, किंवा सत्र न्यायालयाने ३ महिन्यांपर्यंत कैद अथवा २०० रुपयांपर्यंत दंड दिला असेल, तर अपील नाही. तिथे रिव्हिजन (खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने तपासावा असा अर्ज) करायचं, त्याची मुदत ९० दिवस. याच्या उलट, जिथे अपील आहे तिथे ते न करता थेट रिव्हिजन टाकलं तर ते ऐकून घेतलं जात नाही. "रिव्हिजनला ९० दिवस आहेत, बघू निवांत" असं म्हणत अपिलाचे ३० दिवस घालवणं ही नेहमीची चूक आहे.

कुठे आणि किती दिवसांत

दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. सातारा आणि सांगली इथे जिल्हा व सत्र न्यायालय आहे, शिवाय कराड, इस्लामपूर अशा ठिकाणी अतिरिक्त सत्र न्यायालयं बसतात. आपल्या तालुक्याचं अपील नेमकं कुठे दाखल होतं, ते फायलिंगच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावं. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल तर अपील उच्च न्यायालयात, ६० दिवसांत. यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत.

मुदत मोजताना निकालाचा दिवस धरत नाहीत. निकालाच्या नकलेसाठी लागलेले दिवसही वजा होतात. समजा निकाल ५ मार्चला लागला. ६ मार्च हा पहिला दिवस धरला तर तिसावा दिवस ४ एप्रिलला येतो. नकलेचा अर्ज ७ मार्चला केला आणि नक्कल १६ मार्चला तयार झाली, म्हणजे १० दिवस वाढले आणि मुदत १४ एप्रिलपर्यंत गेली. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुटी, म्हणून १५ एप्रिलला दाखल केलेलं अपील मुदतीत धरलं जातं. मात्र वजा होतो तो नक्कल तयार होईपर्यंतचा काळ. नक्कल १६ ला तयार होऊन तुम्ही ती २५ ला आणली, तर मधले ९ दिवस तुमचेच गेले. सही-शिक्क्याच्या नकलेवर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असा शिक्का असतो. कोर्ट तोच बघतं. नक्कल हातात पडताच तिन्ही तारखा ठळक उमटल्यात का, ते तिथेच पाहावं. पुसट असतील तर खिडकी सोडू नये.

मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. "आजारी होतो" एवढं लिहून भागत नाही. दवाखान्याचे कागद, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख लागते. दंड भरून सुटलो म्हणून अपिलाचं सुचलंच नाही, हे खरं असेल तर तसंच लिहावं, आणि दोषसिद्धीचा परिणाम कधी व कोणत्या कागदावरून कळला, ती तारीख पुराव्यासह द्यावी. अर्ज मंजूर होईलच अशी खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

निकालाच्या दिवशीच करायची कामं

कैद झाली असेल तर निकालपत्राची प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे, हा हक्क आहे (कलम ४०४, जुनं ३६३). अपील होण्याजोग्या निकालाची प्रमाणित नक्कलही आरोपीला मोफत मिळते, आणि निकाल इंग्रजीत असेल तर शक्य तिथे मराठी भाषांतर मागता येतं. अर्जात "अपिलासाठी" असं स्पष्ट लिहावं.

फक्त निकालाची नक्कल मागून थांबू नका. त्याच अर्जात दोषारोपाची प्रत, प्ली म्हणजे कबुली नोंदवलेला कागद, आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), हे तिन्ही मागा. पुढचं निम्मं अपील या तीन कागदांवरच उभं राहतं.

आरोपी जामिनावर होता आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची आहे, किंवा गुन्हा जामीनपात्र आहे, अशा वेळी शिक्षा देणाऱ्याच कोर्टाला "अपील करायचं आहे" असा अर्ज दिला की ते अपिलापुरता वेळ देऊन शिक्षा थांबवतं (कलम ४३०, जुनं ३८९). हा अर्ज आणि जामीनदार त्याच दिवशी तयार हवा. जामीनदार म्हणजे सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड आणि तो माणूस स्वतः हजर. संध्याकाळी पाचला जामीनदाराला गावाहून बोलवायची वेळ आली तर आरोपीची रात्र तुरुंगात जाते. कबुली द्यायचं आदल्या दिवशी ठरलं असेल तर जामीनदारही आदल्या दिवशीच सांगून ठेवलेला बरा.

इथे एक घोळ वारंवार होतो. खालच्या कोर्टाने दिलेली स्थगिती ठराविक दिवसांची असते. तेवढ्यात नुसतं अपील दाखल करून चालत नाही, सत्र न्यायालयाकडून शिक्षेला पुढची स्थगिती आणि जामीन मिळाला पाहिजे. अपील शेवटच्या दिवशी दाखल केलं आणि स्थगितीच्या अर्जाला पुढची तारीख पडली, तर मधल्या काळात वॉरंट निघू शकतं. स्थगिती संपायच्या निदान आठवडाभर आधी अपील आत गेलेलं असावं. जामिनावर बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

दंड भरला म्हणून अपिलाचा हक्क जात नाही. पावती मात्र सांभाळून ठेवा, दंड रद्द झाला तर परताव्याला तीच लागते.

शिक्षा कायदेशीर आहे का, हे कसं तपासायचं

निकालाचा शेवटचा परिच्छेद आणि ज्या कलमाखाली शिक्षा झाली ते कलम शेजारी ठेवून वाचा. कबुलीच्या केसेसचे निकाल घाईत लिहिले जातात आणि चुका इथेच सापडतात.

दंडाची मर्यादा बघा. बेदरकार वाहन चालवण्याच्या गुन्ह्याला (भारतीय न्याय संहिता कलम २८१) जास्तीत जास्त ६ महिने कैद किंवा १,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २,००० रुपये दंड लावला असेल तर तो बेकायदा. साध्या मारहाणीला जुन्या कलम ३२३ मध्ये दंडाची कमाल मर्यादा १,००० होती, नव्या कलम ११५(२) मध्ये ती १०,००० आहे. भांडण मार्च २०२४ मधलं असेल आणि दंड ५,००० केला असेल, तर गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा झाली. संविधानाचं कलम २०(१) तसं करू देत नाही.

दंड न भरल्यास भोगायची कैद बघा. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, तिथे ही कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. वरच्या कलम २८१ मध्ये कमाल कैद ६ महिने, म्हणजे दंड न भरल्यास जास्तीत जास्त दीड महिना. "दंड न भरल्यास २ महिने साधी कैद" असं लिहिलं असेल तर चूक पकडली म्हणून समजा.

कोर्टाचा अधिकार बघा. प्रथम वर्ग दंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. समरी पद्धतीने केस चालवली असेल तर ३ महिन्यांच्या वर कैद देता येत नाही. केस नंबर एस.सी.सी. (समरी) आहे की आर.सी.सी. (नियमित), त्यावरून अंदाज येतो, पण खात्री रोजनाम्यावरूनच करावी.

आणि आधी कोठडीत काढलेले दिवस मूळ कैदेतून वजा झालेत का (कलम ४६८, जुनं ४२८), दोन कलमांच्या शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, तेही वाचा. निकाल त्यावर गप्प असेल तर तो मुद्दा घ्यावा.

प्रोबेशन: याच्यावर खरा जोर द्या

पहिलाच गुन्हा असलेल्या माणसासाठी अपिलातली सगळ्यात उपयोगी मागणी म्हणजे अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८. या कायद्याच्या कलम ४ खाली कोर्ट शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि किमान शिक्षा ठरवून दिलेल्या काही विशेष कायद्यांतही अडचण येते. अपील ऐकणारं कोर्टही असा आदेश देऊ शकतं (कलम ११). खालच्या कोर्टात मागितलं नव्हतं म्हणून आता मागता येत नाही, असं मुळीच नाही.

शिक्षा सुनावली त्या दिवशी आरोपीचं वय २१ च्या आत असेल तर मुद्दा आणखी भक्कम होतो. कलम ६ प्रमाणे अशा मुलाला कैद देण्याआधी कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो आणि तरीही कैदच द्यायची तर कारणं लिहायची असतात. तिथल्या तिथे कबुली, तिथल्या तिथे शिक्षा अशा केसमध्ये हा अहवाल मागवलेलाच नसतो. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला लावा.

वय जास्त असलं तरी, प्रोबेशन देता येत असताना का दिलं नाही याची खास कारणं निकालात लिहावी लागतात (कलम ४०२, जुनं ३६१). "आरोपीने गुन्हा कबूल केला, दया मागितली, सबब खालीलप्रमाणे शिक्षा" एवढ्या एका पानाच्या निकालात ती कारणं नसतात. अपिलाचा पहिला मुद्दा हाच लिहा.

प्रोबेशनचा फायदा कलम १२ मध्ये आहे: या कायद्याखाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. नोकरीच्या दृष्टीने दंड ५,००० वरून १,००० करून घेण्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. पण दोषसिद्धी पुसली जात नाही. भरतीच्या साक्षांकन नमुन्यात "कधी शिक्षा झाली आहे का" या रकान्यात खरं तेच लिहायचं. लपवलं तर त्या लपवण्यावरूनच निवड रद्द होऊ शकते. पोरांनो, हे कृपा करून हलक्यात घेऊ नका.

कबुलीच खरी नसेल तर

कलम ४१६ ची आडकाठी खऱ्या कबुलीला आहे. आरोप समजावलाच नाही, "दंड भरून सुटशील" असं सांगून सही घेतली, किंवा आरोपी जे बोलला त्यातून गुन्हा होतच नाही, अशी केस असेल तर ती कायद्याने कबुलीच ठरत नाही, असा मुद्दा घेता येतो. समन्स केसमध्ये, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या केसमध्ये, आरोपीचे शब्द शक्य तितके त्याच्याच भाषेत लिहायचे असतात (कलम २७५, जुनं २५२). महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक धरली. शिक्षा कमी देण्याच्या आमिषाने घेतलेली कबुली टिकत नाही, हे कासमभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य (१९८०) आणि थिप्पास्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३) या निकालांत आहे.

म्हणून प्लीचा कागद बारकाईने बघा. बहुतेक वेळा तो छापील असतो: आरोप समजला का, गुन्हा कबूल आहे का, आणखी काही सांगायचं आहे का. तिन्ही उत्तरं एकाच हस्ताक्षरात "होय", "होय", "दया करावी" अशी आहेत का? तिसरी ओळ कोरी आहे का? त्यावरची तारीख आणि रोजनाम्यातली तारीख जुळते का? पोलिसांच्या दोषारोपपत्राच्या नकला आरोपीला दिल्याची नोंद आहे का, की पहिल्याच तारखेला कबुली झाली? वकील नव्हता तर मोफत वकील हवा का असं विचारल्याची नोंद आहे का? अंगठा असेल तर वाचून दाखवल्याचा शेरा आहे का? यातली एक उणीव पुरेशी ठरेलच असं नाही, पण तीन-चार एकत्र आल्या की कोर्ट थांबून विचार करतं.

हा मार्ग धरण्याआधी घरात बसून शांतपणे विचार करा. मुद्दा मान्य झाला तर बहुधा शिक्षा रद्द होऊन केस परत खालच्या कोर्टात चालायला जाते. साक्षी होतील, तारखा पडतील, आणि शेवटी दोषी ठरलात तर शिक्षा पहिल्यापेक्षा जड होऊ शकते. पुरावा कच्चा असेल तरच हे परवडतं. नाहीतर शिक्षेपुरतं अपील आणि प्रोबेशन हाच शहाणपणाचा रस्ता.

"अपील केलं तर शिक्षा वाढवतील" ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात कोर्टाला शिक्षा वाढवता येत नाही. शिक्षा अपुरी आहे म्हणून सरकारने वेगळं अपील केलं, किंवा उच्च न्यायालयाने नोटीस देऊन तो प्रश्न हाती घेतला, तरच तो धोका उभा राहतो, आणि तेव्हाही आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं.

एक प्रकार पूर्ण वेगळा आहे. प्ली बार्गेनिंगचा (शिक्षेबाबत वाटाघाट करून गुन्हा कबूल करण्याचा) रीतसर अर्ज देऊन, फिर्यादीशी बैठक होऊन निकाल लागला असेल तर तो अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तिथे उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी याचिका एवढंच उरतं. आपली कबुली साधी होती की प्ली बार्गेनिंगची, हे रोजनाम्यावरून आधी नक्की करा.

फिर्यादीशी मिटलं असेल तर

साधी मारहाण, शिवीगाळ, साधी धमकी असे तडजोडीचे गुन्हे असतील आणि भाऊबंदकीतलं भांडण आता मिटलं असेल, तर अपील सुरू असताना कोर्टाच्या परवानगीने तडजोड दाखल करता येते (कलम ३५९, जुनं ३२०). कोर्टाने ती स्वीकारली तर तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. फिर्यादी स्वतः ओळखपत्रासह हजर पाहिजे, पुरसिसवर (कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनावर) दोघांच्या सह्या पाहिजेत. बांधाच्या वादात एकाच घरातले तीन जण जखमी असतील तर तिघांचीही संमती लागते. एकाची राहिली तर तडजोड अडकते.

अपिलाची फाइल

अपील मेमो, निकालाची प्रमाणित नक्कल, वकीलपत्र, शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज, गरज असेल तर विलंब माफीचा अर्ज, कागदपत्रांची यादी, आणि सरकारी वकिलांसाठी पूर्ण संच. उत्तरवादी म्हणून "महाराष्ट्र शासन" आणि संबंधित पोलीस ठाणं. मेमोत मुद्दे थोडे पण नेमके असावेत. "शिक्षा कठोर आहे" या एका वाक्यापेक्षा "आरोपी २० वर्षांचा, पहिला गुन्हा, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला नाही, कलम ६ चं पालन नाही" हे काम करतं. सोबत कुटुंबाची परिस्थिती दाखवणारे कागद, आजारपणाचे रिपोर्ट, कॉलेजचं बोनाफाइड, जखमीला खर्च दिल्याची पावती जोडा. ग्रामपंचायतीचा चांगल्या वागणुकीचा दाखला लावला तरी चालतो, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

आरोपी तुरुंगात असेल तर अपिलाचा अर्ज आणि नकला तुरुंग अधिकाऱ्याकडे द्यायच्या. तो पुढे योग्य कोर्टात पाठवणं त्यांचं कर्तव्य आहे. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. अर्जासोबत निकालाची प्रत आणि मुदत कधी संपते ती तारीख ठळक लिहून द्या, म्हणजे नेमलेला वकील त्या दिवसापासूनच कामाला लागतो.